जहाजावरची रेघ : सॅम्युएल प्लिमसॉल

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलमध्ये एक्स्टर्नल सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. जहाजाच्या कुशीवर एक गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते, ती कशाची? मी आर्किमिडीजपासून सुरुवात केली, मेटासेंटरपर्यंत आलो, आणि तिला प्लिमसॉल लाइन म्हणतात एवढं सांगून थांबलो. सरांनी पुढे विचारलं की प्लिमसॉल म्हणजे काय. मला वाटलं, न्यूटन किंवा पास्कलसारखं एखादं एकक असेल. तसं ठोकून दिलं. न्यूटन आणि पास्कल ही पण माणसंच होती हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही! सर हसले, जर्नलवर सही केली आणि म्हणाले की हा माणूस इंजिनिअर नव्हता, तरी इंजिनिअर होणाऱ्या पोरांनी त्याच्याविषयी वाचायला हवं.

अर्थात मी वाचलं नाही. ओरल संपली की विषय संपला, हा आपला सगळ्यांचाच नियम. वाचायची वेळ आली ती दोन वर्षांनी, आणि तीही दादामुळे.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. डिप्लोमा झाल्यावर तो मुंबई हायच्या तेलक्षेत्रात एका ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागला. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस गावाकडे. आमचं गाव उमरगा तालुक्यातलं, धाराशिव जिल्ह्याच्या पार टोकाचं. आमच्याकडे बोअरला पाणी लागलं तरी पेढे वाटतात, तिथे समुद्राचं कुणाला काय कळणार? म्हणून दादा आला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. तिथे जेवायला काय मिळतं, हेलिकॉप्टरमध्ये भीती वाटते का, पगार किती, असे प्रश्न असतात. गेल्या दसऱ्याला आईने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. रात्री झोपेत काही झालं, तर तिथून बाहेर कसं पडता, असं ती म्हणाली.

आईने हे विचारण्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती पाचवीत होती. आजोळ सास्तूरच्या बाजूचं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ८००० माणसं त्या पहाटे गेली. आईची धाकटी बहीण त्यात होती. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर मातीचा नवा थर टाकायची पद्धत होती. खालचा थर कुणी काढत नसे. बापाने टाकला, मुलाने टाकला, नातवाने टाकला. उन्हाळ्यात घर गार राहायचं, आणि घराच्या डोक्यावरचं ओझं दर मृगाला थोडंथोडं वाढायचं. भूकंपाने जमीन काही सेकंदच हलली. माणसं मेली ती मुख्यतः त्या दगडांखाली आणि मातीखाली.

दादाने आईला सांगितलं की तिथे लाइफबोट असतात, दर आठवड्याला ड्रिल होतं, काळजी करू नका आत्या. रात्री गच्चीवर मात्र त्याने मला खरं सांगितलं. त्यांच्या प्लॅटफॉर्मवरच्या एका लाइफबोटीला दोन महिने लाल टॅग लागलेला होता. खाली सोडण्याचा हूक दुरुस्तीला होता, सुटा भाग यायचा होता. त्याच काळात मोठ्या दुरुस्तीसाठी जादा माणसं आणून जादा खाटा टाकल्या होत्या. ड्रिलच्या वेळी दादाने मनातल्या मनात खुर्च्या मोजल्या. कागदावर भरपूर होत्या. त्या दिवशी खरोखर खाली जाऊ शकतील अशा मोजल्या, तर एखाद्या बाजूला आग लागली असती तर हिशोब जमत नव्हता. त्याने कुणाला विचारलं नाही. ठेका दर वर्षी नव्याने होतो, आणि जास्त प्रश्न विचारणाऱ्याचं नाव पुढच्या यादीत असेलच असं नाही.

मला तेव्हा ती ओरल आठवली. जहाजावर रेघ असते. मग दादाच्या प्लॅटफॉर्मवर कुठली रेघ आहे? आमच्या आजोळच्या माळवदावर कुठली होती? होस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसून मी प्लिमसॉल वाचून काढला. तोच तुम्हाला सांगतो.

सॅम्युएल प्लिमसॉलचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल या बंदराच्या शहरात झाला. वडील अबकारी खात्यात नोकरीला. बदल्यांची नोकरी असल्याने बालपण पेनरिथ आणि मग शेफील्ड अशा गावांत गेलं. शाळा लवकर सुटली. तो कारकून झाला, आणि पुढे एका बिअरच्या कारखान्यात चढत चढत व्यवस्थापक झाला. १८५१ साली लंडनमध्ये ते प्रसिद्ध जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा शेफील्डच्या बाजूने मानद सचिव म्हणून त्याने काम केलं. इथवर सगळं आपल्याकडच्या एखाद्या हुशार, धडपड्या पोरासारखंच.

१८५३ मध्ये त्याने नोकरी सोडून लंडनमध्ये कोळशाचा धंदा सुरू केला. खाणीचा कोळसा रेल्वेने राजधानीत आणून स्वस्तात विकायचा, अशी कल्पना. धंदा बुडाला. प्लिमसॉल पार रस्त्यावर आला. काही काळ आठवड्याला आठ शिलिंगांहूनही कमी पैशांत तो गरिबांच्या सामायिक निवाऱ्यात राहिला, जिथे एका खोलीत अनोळखी माणसं झोपतात आणि एकाच चुलीवर आपापलं शिजवतात. आयुष्यातला हा तुकडा त्याने कधी लपवला नाही. रोजंदारीवरची माणसं कशी जगतात, आणि हातात काही नसताना एकमेकांना कशी सांभाळतात, हे त्याने पुस्तकातून नाही तर शेजारच्या खाटेवरून पाहिलं. पुढे त्याने जे केलं त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

हळूहळू त्याचा धंदा सावरला. कोळसा वॅगनमधून उतरवताना फुटून त्याचा चुरा होतो आणि भाव पडतो. तो कमी फुटावा अशी उतरवण्याची सोय त्याने काढली, तिच्यातून पैसा मिळाला. १८६८ मध्ये तो लिबरल पक्षातर्फे डर्बी शहरातून पार्लमेंटवर निवडून आला. वय ४४. खलाशी नाही, जहाजमालक नाही, नौकाशास्त्रज्ञ नाही. कोळशाचा व्यापारी!

पण कोळसा जहाजांतूनही जायचा, आणि ती जहाजं कशी जायची हे त्याला कळत गेलं. तो काळ ब्रिटिश व्यापाराच्या भरभराटीचा होता. शिडाची जहाजं जुनी होत होती, आगबोटी नव्या येत होत्या, आणि जुन्या जहाजांचं करायचं काय हा मालकांपुढचा प्रश्न होता. काही मालकांनी त्याचं सोपं उत्तर शोधलं. कुजलेल्या लाकडाचं जहाज स्वस्तात घ्यायचं, नवीन रंग द्यायचा, हवं तर नावही नवीन द्यायचं. किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा उतरवायचा. मग डेक पाण्याला टेकेपर्यंत माल भरायचा. पोहोचलं तर मालाचे पैसे, बुडालं तर विम्याचे. एका जहाजाचा विमा अनेक जण थोडाथोडा वाटून घेत, त्यामुळे प्रत्येकाचं नुकसान लहान असायचं आणि कुणी कोर्टात भांडत बसायचं नाही. त्या जहाजांना लोक तरंगत्या शवपेट्या म्हणायचे.

यात खलाशाचा विमा नव्हता. उलट एकदा करारावर अंगठा दिला, नंतर जहाज पाहून तो घाबरला आणि चढायला नाही म्हणाला, तर कायद्याने तो गुन्हा होता. समुद्रात जायला धजत नाहीत म्हणून त्या काळी शेकड्यांनी खलाशी तुरुंगात गेले. जहाजावर चढलास तर समुद्र, नाही चढलास तर कोठडी. दादाच्या यादीची मला इथे आठवण झाली. तुरुंग आज नाही हे खरं, पण प्रश्न विचारण्याची किंमत विचारणाऱ्यालाच मोजावी लागते, हा भाग तसाच आहे.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. रेघेची कल्पना मुळात प्लिमसॉलची नव्हती. न्यूकॅसलचा जेम्स हॉल हा स्वतः जहाजमालक. सगळेच मालक वाईट नव्हते, आणि जो मालक जहाज जपून भरायचा त्याचा माल महाग पडायचा, तोच बाजारात हरायचा. म्हणून सगळ्यांना सारखा नियम असावा असं हॉल सांगत होता. प्लिमसॉलने ती कल्पना उचलली आणि स्वतःची केली. दुसऱ्याची चांगली कल्पना उचलून तिच्यासाठी आयुष्य घालवणं हे कमी दर्जाचं काम आहे असं मला वाटत नाही.

पार्लमेंटमध्ये मात्र जहाजमालक बसलेले होते. विधेयकं पुढे सरकेनात. तेव्हा १८७३ च्या सुरुवातीला प्लिमसॉलने आपल्या खलाशांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात कागदपत्रं होती, बुडालेल्या जहाजांचे दाखले होते, आणि मालकांवर थेट आरोप होते. पुस्तक देशभर वाचलं गेलं. त्याच वर्षी सरकारला चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावं लागलं. पण सगळेच आरोप पक्के नव्हते. काही ठिकाणी त्याने ऐकीव माहितीवर घाई केली होती, आणि त्याच्यावर अब्रुनुकसानीचे खटले झाले. आपल्यासाठी यात एक धडा आहे. बाजू खरी असली तरी एखादा आकडा चुकला, की समोरचा त्या आकड्यावरच बोलत राहतो.

कमिशनचा अहवाल १८७४ मध्ये आला, आणि सर्व जहाजांना एकच भरतीची मर्यादा घालणं व्यवहार्य नाही असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी प्लिमसॉलचं विधेयक अवघ्या तीन मतांनी पडलं. १८७५ मध्ये पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारने स्वतःचं एक विधेयक आणलं, आणि २२ जुलैला वेळ नाही या कारणाने ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. प्लिमसॉलचा तोल सुटला. तो सभागृहाच्या मधोमध आला, सभापतींसमोर मूठ उगारली, आणि जहाजमालक सभासदांना खलनायक ठरवून मोकळा झाला. त्याला बाहेर जायला सांगण्यात आलं. एका आठवड्याने त्याने वागण्याबद्दल माफी मागितली. आरोप मात्र मागे घेतले नाहीत.

तो आठवडा फार महत्त्वाचा ठरला. गावोगाव सभा झाल्या, वर्तमानपत्रं त्याच्या बाजूने उभी राहिली. त्याची पत्नी एलायझा या सगळ्या लढ्यात त्याच्या बरोबरीने होती. सरकारने घाईने एक तात्पुरता कायदा केला, आणि १८७६ मध्ये पक्का कायदा आला. ब्रिटिश जहाजांवर भरतीची रेघ रंगवणं सक्तीचं झालं.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. कारण १८७६ च्या कायद्यात एक भगदाड होतं. रेघ असलीच पाहिजे एवढंच कायदा म्हणत होता. ती कुठे असावी हे मालकाने ठरवायचं होतं! असं सांगतात की कार्डिफच्या एका कप्तानाने ती रेघ चक्क जहाजाच्या धुराड्यावर रंगवली. म्हणजे कायदा पाळला, आणि जहाज धुराड्यापर्यंत बुडेतो माल भरायची मुभाही राहिली.

हे भगदाड बुजायला आणखी १४ वर्षं गेली. या काळात खरं काम इंजिनिअर लोकांनी केलं. लॉईड्स रजिस्टरचे मुख्य सर्व्हेअर बेंजामिन मार्टेल यांनी जहाजाची लांबी, आकार, बांधणी यांवरून किती फ्रीबोर्ड हवा, म्हणजे पाण्यापासून डेकपर्यंत किती उंची मोकळी हवी, याची कोष्टकं तयार केली. रॉयल कमिशनला जे अशक्य वाटलं होतं ते गणिताने शक्य झालं. १८९० च्या कायद्याने रेघेची जागा मालकाच्या हातून काढून घेऊन या कोष्टकांवर ठरवली. प्लिमसॉलने आवाज दिला, मार्टेलने आकडा दिला. आवाजाशिवाय आकडा फाइलीत पडला असता, आणि आकड्याशिवाय आवाज धुराड्यावर गेला असता.

प्लिमसॉलने १८८० मध्ये पुन्हा निवडून आल्यावरही आपली जागा पक्षातल्या दुसऱ्या नेत्यासाठी सोडली होती. पार्लमेंटबाहेर राहूनही खलाशांचा प्रश्न त्याने सोडला नाही. खलाशी आणि आगवाल्यांच्या संघटनेचा तो अध्यक्ष झाला, आणि जहाजांवरून नेल्या जाणाऱ्या गुराढोरांच्या हालांवरही १८९० मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. ३ जून १८९८ रोजी फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी त्याचं निधन झालं. खलाशांच्या संघटनेने १९२९ मध्ये लंडनला थेम्सच्या काठावर त्याचं स्मारक उभारलं. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, त्याची रेघ आंतरराष्ट्रीय करारात आली, आणि १९६६ च्या करारातून आज जगभरच्या जहाजांवर आहे. रेघेच्या बाजूला शिडीसारख्या आणखी रेघा असतात. उष्ण कटिबंधासाठी टी, उन्हाळ्यासाठी एस, हिवाळ्यासाठी डब्ल्यू, गोड्या पाण्यासाठी एफ. आपल्या अरबी समुद्रात ऐन पावसाळ्यात टीची रेघ चालत नाही. समुद्र खवळलेला असतो म्हणून एसपर्यंतच, म्हणजे कमी, भरावं लागतं. थोडक्यात, रेघेला ऋतू कळतो. आणि ती बंदरावरच्या हमालालाही दिसते. त्याला मेटासेंटर माहीत असायची गरज नाही. रेघ पाण्याखाली गेली की गेली.

आता दादाच्या समुद्राकडे येतो.

मुंबई हायमध्ये १९७४ साली सागर सम्राट या रिगने तेल शोधलं, आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात लोखंडी पायांवर उभी ही गावंच आहेत. साधारणपणे असा प्लॅटफॉर्म २५ वर्षांच्या हिशोबाने बांधतात. तेल संपत नाही, म्हणून तो पुढेही चालवतात. चालवता येतो, त्यात चूक काही नाही. पण पाण्याच्या पातळीवर, जिथे लाट सारखी ओलं-कोरडं करते, तिथे गंज सगळ्यात जास्त खातो. वेल्ड केलेल्या सांध्यांना लाटांच्या कोट्यवधी धक्क्यांनी फटीग येतो. वर नवीन पाइप, नवीन मशिनरी, नवीन खोल्या चढत जातात. प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर लहान. आमच्या माळवदावरचा एकेक थर पण लहानच होता. जहाजावर वजन वाढलं की ते खाली बसतं, डोळ्यांना दिसतं. प्लॅटफॉर्मचे पाय तळात रोवलेले. तो खाली बसत नाही, म्हणून कुणाला काही दिसत नाही.

२७ जुलै २००५. आदल्याच दिवशी मुंबई पावसात बुडालेली. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ समुद्र सुरक्षा या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूला आलं. जखमी माणूस वर पोहोचला. पण परत फिरताना लाटेने उचललेलं जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅस वाहणाऱ्या उभ्या पाइपांवर, म्हणजे रायझरवर, आदळलं. गॅस फुटला, पेटला, आणि साधारण दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. प्लॅटफॉर्म, जोडलेले भाग, जवळची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली. समुद्र सुरक्षावर दाबाच्या चेंबरमध्ये सहा पाणबुडे अडकले होते. चेंबरमधून त्यांना एकदम बाहेर काढताही येत नव्हतं. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. नंतर ते जहाजही बुडालं.

एवढ्या माणसांना त्या समुद्रातून काढणाऱ्या नौदलाचं, तटरक्षक दलाचं आणि आसपासच्या बोटींवरच्या माणसांचं कौतुक करावं तितकं कमी आहे. पण एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. ८ लाइफबोटींपैकी २ च खाली सोडता आल्या, आणि १० तराफ्यांपैकी १. ड्रिलच्या कागदावर सगळ्या असणार. आगीच्या बाजूला ज्या होत्या त्यांच्यापर्यंत माणूस पोहोचूच शकला नाही.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडजवळच्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. त्यातली बरीचशी राहायच्या खोल्यांत हेलिकॉप्टरची आणि सूचनांची वाट पाहत होती. धुरामुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं, आणि सूचना देणारी व्यवस्था उरलीच नव्हती. वाचलेले ६१ बहुतेक असे, ज्यांनी वाट न पाहता आपली वाट काढली. आणि १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायच्या भागात पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. २६१ पैकी १८६ जण वाचवले गेले. यावेळी जुना प्लॅटफॉर्म नव्हता, आग नव्हती. माणसं वेळेत किनाऱ्यावर आणली गेली नव्हती.

२००५ नंतर आपल्याकडे बरंच बदललं. २००८ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम आले. कायदा आहे, तपासणी आहे, कागद आहेत. माझा प्रश्न फक्त प्लिमसॉलचा प्रश्न आहे. रेघ कोण ओढतो, आणि ती दादाला दिसते का?

मला सुचलेलं उत्तर फायनल इयरच्या पोराचं आहे, त्यात चुका असतील तर सरांनी काढाव्यात. प्लॅटफॉर्मवरची खरी रेघ म्हणजे दोन आकडे. आज इथे माणसं किती, आणि आजच्या वाऱ्यात, आज चालू असलेल्या बोटींपैकी सगळ्यात वाईट बाजूच्या सोडून दिल्या, तर खुर्च्या किती. दुसरा आकडा पहिल्याच्या खाली गेला की रेघ पाण्याखाली गेली. मग बोट दुरुस्त होईपर्यंत जादा माणसं किनाऱ्यावर पाठवायची, काम थांबलं तरी चालेल. क्रेन बंद असेल, रायझरजवळ बोट लावावी लागणार असेल, पावसाळा असेल, तर रेघ आणखी खाली यावी. आणि हे आकडे मॅनेजरच्या संगणकात नको, मेसच्या दारावर खडूने लिहिलेले हवेत. प्लॅटफॉर्म जितका जुना, तितकं हे रोज लिहावं लागेल, कारण जुन्या वस्तूत कालचा आकडा आज खरा असेलच असं नाही.

दिवाळीच्या आधी मी हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. प्लिमसॉलची गोष्ट त्याला आवडली, धुराड्यावरच्या रेघेला तर तो खूप हसला. पुढच्या खेपेला सकाळच्या सेफ्टी मीटिंगमध्ये त्याने हात वर करून विचारलं की त्या बोटीचा हूक कधी येणार, आणि तोवर तिच्यातली माणसं कुठल्या बोटीत धरायची. मीटिंगमध्ये शांतता झाली म्हणे. दुसऱ्या एका वयस्क फोरमनने मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. पंधरा दिवसांनी हूक आला. दादाच्या ठेक्याचं मार्चमध्ये काय होतं ते अजून कळायचं आहे. आईला आम्ही दोघांनीही यातलं काही सांगितलेलं नाही. हा अंक घरी नेणार नाही.

जाता जाता एक घरचीच गोष्ट. आपल्या होस्टेलचा मागचा जिना सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या मजल्यावर मोडक्या खाटा उभ्या केल्या आहेत, दुसऱ्यावर कूलर आणि सुटकेसेस आहेत, आणि खालच्या दाराला रात्री दहानंतर कुलूप असतं. एकही वस्तू कुणी वाईट हेतूने ठेवलेली नाही. खाटेला जागा नव्हती, कूलर उन्हाळ्यात लागतो, कुलूप चोरीसाठी. एकेक थर टाकत गेलो आपण, मीही त्यात आहे. माझी सुटकेस दुसऱ्या मजल्यावरची निळी.

ती मी कालच उचलली. रेक्टर सरांना विनंती आहे की त्या जिन्याच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी पिवळी रेघ मारून द्यावी, आणि दाराला आतून उघडणारी कडी बसवावी. रंग आणि ब्रश आम्ही मुलं आणतो. रेघ मात्र सरांनी स्वतः आखून द्यावी, नाहीतर आम्ही ती कूलरच्या पलीकडूनच मारू!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी